दुर्बीण घेतलीस ना, आता चिखल बघ

भाऊ, नवेगावबांधच्या तलावावर बदकं बघायला जाशीलच, पण सुरुवात गावच्या बोडीपासून, म्हणजे छोट्या तळ्यापासून कर. पाणी आटून काठाला चिखल उघडा पडला की तिथं शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवणारा चिमुकला पक्षी दिसेल. पाय काळे असतील तर छोटा टिलवा, पिवळसर असतील तर टेमिंकचा टिलवा. वजन जेमतेम 25 ग्रॅम, आणि जन्म सैबेरियाच्या टुंड्रात! तिथं उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, डास-किडे अमाप. पिल्लं अंड्यातून निघताच स्वतः टिपू लागतात. हिवाळा आपल्याकडे काढून एप्रिल-मेमध्ये हे टिलवे तिकडे परततात, त्याआधी प्रवासासाठी अंगावर चरबी साठवतात. म्हणून फोटोसाठी त्यांना उडवून ती चरबी खर्चायला लावू नको. ऊन पाठीशी घेऊन बांधावर बसून राहा, तेच चरत जवळ येतात.