उपास यंदाही नको

ताई, मी 24 वर्षांची आहे. एकोणिसाव्या वर्षी मला ॲनोरेक्सिया, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणं तोडायचा आजार झाला, दोनदा ॲडमिट व्हावं लागलं. उपचार संपून पावणेदोन वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेवढं वजन आहे, त्यामुळे घरच्यांच्या लेखी मी बरी. पण जेवल्यावर पोट टम्म फुगतं, पाळी कधी येते कधी नाही, आणि दुसरी पोळी घेताना डोक्यात अजून मोजणी चालते. परवा काकू म्हणाली, "छान भरलीस गं!" त्या रात्री मी जेवले नाही. आता आई म्हणते, श्रावणी सोमवार धर. धरू का? आणि मी खरंच बरी झालेय का?
– अर्धवट बरी

प्रिय मुली,

आधी उपासाचं. धरू नकोस. आपल्याकडे न जेवणाऱ्या मुलीचं कौतुक फक्त उपासाच्या दिवशी होतं, आणि तुझ्या आजाराला नेमकं तेच कौतुक हवं असतं. एक सोमवार निभेल, मग मंगळवारीही 'भूक नाही' म्हणशील. आजारी माणसाला उपास माफ असतो हे आपल्या आज्या सांगत आल्यात. तुझ्या बाबतीत ती माफी अजून चालू आहे.

1944-45 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना साधारण सहा महिने अर्धपोटी ठेवून एक प्रयोग झाला. त्यांचं वजन जवळपास पाव हिश्शाने उतरलं. त्यांच्यापैकी कुणालाही तुझा आजार नव्हता. तरी ते पाककृतींची पुस्तकं वाचायला लागले, एकेक घास लांबवायला लागले, चिडचिडे झाले. पुन्हा पोटभर जेवण सुरू झाल्यावरही ते डोकं लगेच ताळ्यावर आलं नाही, महिनेच्या महिने गेले. ती सहा महिन्यांची उपासमार होती, तुझी कित्येक वर्षांची. म्हणून पोळीपाशी चालणाऱ्या त्या मोजणीला तुझा कमकुवतपणा समजू नकोस. उपाशी राहिलेल्या मेंदूची ती सवय आहे, आणि पोट रोज वेळेवर भरत राहिलं तरच ती सुटते.

पोट फुगण्याचंही तसंच. उपासमारीत जठर मंदावतं, अन्न पुढे सरकायला वेळ लागतो. वजन परत येतं तेव्हा चरबी आधी पोटा-कमरेवर बसते. वजन टिकलं तर ती हळूहळू सगळीकडे वाटली जाते, पण त्याला वर्षभर किंवा त्याहून जास्त लागू शकतं. दरवेळी वजन थोडं उतरवलंस तर ते काम अर्धवटच राहील.

आता जे सांगते ते वाचून तुझ्या पोटात धस्स होईल. पाळी नियमित नसेल, तर ठरवून दिलेलं वजन तुझ्या शरीराला कदाचित कमी पडत असेल. हे डॉक्टरांना स्पष्ट विचार. हार्मोनच्या गोळ्या घेऊन येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी पूर्ववत झाली असं नाही, आणि हाडंही तेवढ्याने सावरत नाहीत. हाडं भरायच्या वयात तू उपाशी होतीस, म्हणून हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी झाली नसेल तर ती करून घे. ही झीज बाहेरून दिसत नाही आणि पुढे पूर्ण भरून येईलच असं नसतं, म्हणून मला तिची जास्त काळजी वाटते.

बरी झालीस का? अजून नाही, वाटेत आहेस. बोस्टनमधल्या एका मोठ्या रुग्णालयाने खाण्याच्या आजारांवर उपचारांसाठी आलेल्या बायकांची पुढे 22 वर्षं विचारपूस ठेवली. ॲनोरेक्सिया असलेल्यांपैकी नवव्या वर्षापर्यंत एक तृतीयांशाहूनही कमी जणी पूर्ण बऱ्या होत्या. बाविसाव्या वर्षी हे प्रमाण जवळजवळ 63 टक्के होतं. नवव्या वर्षी जिला कुणी 'आता काही खरं नाही' म्हटलं असतं, अशा सुमारे निम्म्या जणी पुढे बऱ्या झाल्या. तुझी तर अजून पावणेदोनच वर्षं झालीत गं.

पण त्या रात्री जेवली नाहीस ते मी सोडून देणार नाही. आजार परतायचा सर्वात मोठा धोका उपचारांनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतच असतो. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून हे सांग. त्यांची वेळ लांबची मिळाली आणि मन फार घेरलं, तर 14416 या सरकारी टेलिमानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. काकूला एकदाच, न रागावता सांग: "काकू, माझ्या अंगाबद्दल नको बोलूस, बाकी काहीही विचार." जमत नसेल तर आईला सांगू दे.

आईला हे पत्र वाचून दाखव. ताई, तुम्ही पोरीला दवाखान्यातून परत आणलंत, आता तिच्या ताटात किती आहे ते न बघता तिच्याबरोबर जेवायला बसा. सोमवारी दोघी देवळात जा, बेल वाहा, पिंडीवर पाणी घाला. निघण्याआधी मात्र तिचा नाश्ता झालेला असू द्या.