डावीकडचे दहा नॉट

तू लिहिलंस की सेसना १५२ च्या मॅन्युअलमध्ये क्रॉसविंडचा, म्हणजे आडव्या वाऱ्याचा, आकडा १२ नॉट (ताशी सागरी मैल) आहे, वारा डावीकडून दहाच होता, आयलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) वाऱ्याकडे पूर्ण वळवलेलं होतं, तरी टेकऑफच्या धावेत नाक डावीकडे ओढलं गेलं आणि विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं. इन्स्ट्रक्टरनी थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमीजास्त करणारा दांडा) बंद केला म्हणून निभावलं. विमानात दोष होता का, असं विचारतोयस. ती तपासणी व्हायलाच हवी, पण तुझ्या अख्ख्या वर्णनात पायांचा उल्लेख एकदाही नाही, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच.

आयलरॉन वाऱ्याकडचा पंख उचलू देत नाही. नाक सरळ ठेवतो तो रडर, म्हणजे पायाखालच्या पेडलने हलणारी उभ्या शेपटीची फळी. चाकांवर धावणारं विमान वातकुक्कुटासारखं असतं: उभ्या शेपटीवर वारा आदळतो, ती पलीकडे ढकलली जाते, नाक वाऱ्याकडे वळतं. त्यात पूर्ण पॉवर दिली की प्रोपेलरचा पीळदार झोत शेपटीच्या डाव्या अंगावर बसतो आणि नाक पुन्हा डावीकडेच जातं. वारा डावीकडून असेल तर या दोन्ही ओढींची बेरीज होते, उजवीकडून असेल तर वजाबाकी.

हे मी मुंबईच्या जुहू विमानतळावर शिकलो. तिथली ०८-२६ धावपट्टी (आकडे दिशेच्या अंशांचे, शेवटचं शून्य गाळून) पूर्व-पश्चिम. पावसाळ्यात २६ वरून समुद्राकडे तोंड करून निघालं की नैऋत्येचा वारा डाव्या गालावर यायचा. हिवाळ्यातल्या दुपारी खारा वारा वायव्येचा असला तर उजव्या गालावर. वेग तेवढाच, पण उजव्या पायाला पडणारं काम निम्म्यावर यायचं.

आता तो १२ चा आकडा. चाचणीच्या वेळी वैमानिकाने करून दाखवलेला वारा आहे तो. नवशिक्याला दिलेली हमी नव्हे. शिवाय वाऱ्याचा अचानक वाढणारा झोत धरून हिशेब कर. धावपट्टीची दिशा २६० अंश, वारा २२० अंशांवरून १४ नॉट, म्हणजे आडवा भाग साधारण ९. टॉवरने २० चा झोत सांगितला की तोच आडवा भाग १३ होतो. तुझे दहा कुठले होते, स्थिर वाऱ्याचे की झोताचे?

थ्रॉटल एकदम ढकलू नकोस, तीन-चार सेकंद घे आणि उजवा पाय त्याच्याबरोबरच पुढे जाऊ दे. टाचा जमिनीवर, नाहीतर नकळत ब्रेक दाबला जातो. घाबरून योक, म्हणजे हातातलं सुकाणू, लवकर ओढलास तर नाकाचं चाक हलकं होतं. पेडलने वळणारं चाक तेच आहे, त्याची पकड नेमकी नको तेव्हा जाते. उलट पुढे फार दाबलंस तर विमान त्या चाकावरच गिरकी घ्यायला बघतं. वेग वाढेल तसं आयलरॉन कमी करत जा. नेहमीपेक्षा किंचित जास्त वेगाला, एकदाच, स्वच्छ उचल. अर्धवट उचलून तिरकं परत टेकलं की चाकांच्या पायांवर सगळा मार येतो.

नाक हाताबाहेर जातंय वाटलं तर विमान ओढून हवेत न्यायचा मोह अजिबात नको. कमी वेगात, वाकड्या तोंडाने हवेत गेलेलं विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, पंखावर कोसळतं. थ्रॉटल बंद, रडरने सरळ, मग ब्रेक.

पुढच्या वेळी इन्स्ट्रक्टरना विनंती कर: योक आणि थ्रॉटल त्यांच्याकडे, तुझ्याकडे फक्त पेडल. माझ्याकडून माझ्या इन्स्ट्रक्टरनी सलग तीन सकाळी एवढंच करून घेतलं, तेव्हा कुठे चौथ्या दिवशी योक हातात दिला.