वारणा खोऱ्यात भातशेती बघत सायकलवर एक दिवस: गाइड घ्यावा का?

तुम्ही विचारलंय, पुण्याहून दोघं येतोय, सातारा-सांगलीकडे भाताच्या गावांतून एक दिवस सायकल चालवायची आहे, गाइड घ्यावा की नकाशावर भागेल?

आधी जागा. पाटण आणि मेढ्याकडचं भातही देखणं, पण तिकडे घाटाचे चढ दम काढतात. पहिल्यांदा येताय तर सांगली जिल्ह्यातला वारणेकाठचा शिराळा तालुका बरा. कोकरूड, चरण, आरळा करत वारणावतीकडे जाणारा रस्ता डांबरी आहे, त्यावर चुकायला होत नाही. रस्ता दाखवायला गाइड नकोच. तो हवा बांधावर उतरायला.

कारण असं की शिराळ्यात बरंचसं भात धूळवाफेवर पेरतात. मे संपता संपता, कोरड्या मातीत, पाऊस येईल या भरवशावर. त्यामुळे बाकीकडे अजून तरवा, म्हणजे लावायची रोपं, वाढत असतो तेव्हा इथं ओळी हिरव्या झालेल्या असतात आणि बायका भांगलायला, म्हणजे तण काढायला, बसलेल्या असतात. तुमच्या डोक्यातलं चिखलणी-लागणीचं, म्हणजे चिखल करून त्यात रोपं लावायचं, चित्र दिसतं ते सखल, पाणथळ रानांत. आज कुणाच्या रानात लागण आहे, हे कुठल्याच नकाशावर सापडायचं नाही, गावातल्या पोराला मात्र पक्कं माहीत असतं. म्हणून गाइड गावचाच घ्या. शहरातून टी-शर्ट घालून येणारा कितीही गोड बोलो, त्याला मालकाला हाक मारून खाचरात पाय घालता येत नाही.

जुलैत आलात तर अर्धा तास तरी लागणीला उभे राहा. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-तीन काड्या सुटवायच्या, अंगठ्याने चिखलात रोवायच्या आणि मागं सरकायचं. नवखा माणूस हमखास खोल दाबतो. मग शेजारची मावशी म्हणणारच, "वरवर लाव की रं, फुटवं कुठनं येतील?" खोल गेलेल्या रोपाला फुटवे, म्हणजे बुडातून येणारे नवे कोंब, कमी येतात, हे तिला सांगायला कुणी कृषी अधिकारी लागत नाही. फोटो विचारूनच काढा. काम चालू असताना बायकांना पोझ द्यायला लावू नका, रोजंदारी त्यांची बुडते.

कापणी बघायची तर ऑक्टोबर. पाऊस सरलेला असतो, मळणी चाललेली असते, पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजी रचायला लागतात. जेवण गाइडच्या घरीच सांगून ठेवा: तांदळाची भाकरी, खर्डा, इंद्रायणीचा भात. पैसे ठरवून द्या, "पाहुणे आहात" म्हणून ते घेणार नाहीत, तरी द्या.

पावसाळ्यातली एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. वारणेपलीकडे कोल्हापूर जिल्हा. नदीवरचे बंधारे पाणी चढलं की बुडतात. वरून वीतभरच पाणी वाहतंय म्हणून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जायचं धाडस करू नका. त्या दिवशी अलीकडच्याच काठाने फिरा. वारणावतीजवळच्या चांदोलीच्या जंगलात परवानगीशिवाय शिरू नका, ते 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. गवे मात्र तिथून बाहेर येऊन भातात उतरतात, तेव्हा अंधारात परतायचं ठरवू नका.

सायकल जाड टायरची, मडगार्ड लावलेली आणा, नाहीतर पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन घरी जाल. आणि दिवाळीच्या आसपास येणार असाल तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर सुरू झालेत का ते गाइडला फोनवर विचारा. झाले असतील तर शिराळ्याच्या खालचा मोठा रस्ता गाडीतच पार करा, सायकली कोकरूडला उतरवा.