वाचकांचे प्रश्न : पळणाऱ्याचा फोटो आणि आपल्याकडचं ऊन

प्रश्न : रामराम भाऊ. मी लग्नाचे फोटो काढतो, कॅमेरा साधा क्रॉप बॉडीवाला (छोट्या सेन्सरचा) आणि ५५-२५० मिमीची झूम लेन्स. गावातली पोरं पोलीस भरतीसाठी सकाळी ग्राउंडवर पळतात, त्यांचे फोटो काढले की चेहरा शार्प आणि पाय पुसल्यासारखे येतात, नाहीतर असे येतात की पोरगं पळतंय का अडखळतंय तेच कळत नाही. आता जिममधला मित्र म्हणतोय बाहेर शूट कर, पण ट्रायलच्या फोटोत त्याचे कट्सच (स्नायूंच्या ठळक रेषा) दिसेनात. लेन्स बदलू का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : भाऊ, लेन्स अजिबात बदलू नका, हीच चालते. पळताना पुढे येणारा पाय अंगापेक्षा जास्त वेगात असतो म्हणून शटर स्पीड १/५०० सेकंद ठेवला तर चेहरा थांबतो पण पाय थांबत नाही, तिथे १/१००० किंवा वरच जायचं, सकाळच्या उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) १६००-३२०० झाला तरी होऊ द्या, थोडे दाणे चालतात पण हललेला फोटो कामाचा नाही. फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे तो पळणाऱ्याबरोबर सरकत राहतो, आणि फोकसचा पॉइंट छातीवर.

आता ते अडखळल्यासारखं दिसणं. चांगला पळणारा सेकंदाला साधारण तीन पावलं टाकतो आणि साध्या कॅमेऱ्याचा बर्स्ट (बटण दाबून धरलं की सलग निघणारे फोटो) सेकंदाला पाच-सहा फ्रेमचा, म्हणजे एका पावलाला जेमतेम दोन फ्रेम, त्यात हवा तो क्षण सापडला तर नशीब. म्हणून आधी एक राउंड कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा. मागच्या पायाने जमीन सोडली, पुढचा गुडघा वर आला, दोन्ही पाय हवेत, ती फ्रेम पाहिजे. पाय नुकताच खाली टेकला की गालसुद्धा लोंबतात, ती सोडून द्या. त्याच्या पावलांचा ठेका मनात धरा आणि बटण किंचित आधी दाबा, सवयीने जमतं. आणि उभं राहून काढू नका, गुडघ्यावर बसा, कॅमेरा त्याच्या कमरेच्या उंचीला, म्हणजे पाय लांब दिसतात आणि मागची टपरी, कंपाउंड डोक्यामागे न येता खाली राहतं. १६०० मीटरच्या शेवटच्या वळणावर बसलात तर चेहऱ्यावर जी जिद्द दिसते ती पोज देऊन येत नाही.

मित्राचं काम वेगळं, तिथे सगळा खेळ उजेडाच्या दिशेचा आहे. ऊन समोरून पडलं की अंग सपाट दिसतं, आडवं पडलं की प्रत्येक स्नायूची सावली पडते आणि कट्स तिथेच दिसतात. मे महिन्यात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य वर येतो आणि आठपर्यंत ऊन कडक होतं, मधला वेळ तुमचा. काळ्या मातीच्या शेतात काढणार असाल तर ती माती उजेड परत फेकत नाही, डोळ्यांखाली अंधार राहतो, खालून पांढरं थर्माकोल धरा. तापीच्या वाळूत त्याची गरज पडत नाही. तेल कमी लावा, वारा सुटला की धूळ चिकटते. घाम दाखवायचा तर पाणी आणि ग्लिसरीन अर्धं-अर्धं स्प्रे बॉटलमधून मारा, थेंब टिकतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कट्स यावेत म्हणून जिमची पोरं शूटच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद करतात. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ पर्यंत जातो, त्यात तहानलेल्या माणसाला पुशअप्स, स्प्रिंट मारायला लावायचं म्हणजे जीवाशी खेळ आहे. पाणी प्यायला नसेल तर शूट पुढे ढकला, मित्र चिडला तरी चालेल. चक्कर, मळमळ म्हणाला की लगेच सावली, पाणी, कॅमेरा बॅगेत. उलटी झाली, बडबडायला लागला तर अंगावर पाणी ओतत थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : मेहरूण तलावाकडे सकाळी मुली, बायका पळतात, त्यांचे फोटो काढून पेजवर टाकले तर चालतील का? – एक वाचक, जळगाव

उत्तर : विचारल्याशिवाय नाही. लांबून झूम लावून तर अजिबात नाही. घरून कशीबशी परवानगी काढून ग्राउंडवर आलेली मुलगी एका फोटोमुळे घरी बसू शकते. आधी बोला, काढलेले फोटो तिथेच दाखवा, नको म्हणाली तर समोरच डिलीट करा, आणि अठराच्या आतली असेल तर आई-वडिलांना विचारा. चेहरा न दाखवताही छान काम होतं, बूट, हातातला रुमाल, नाहीतर १/४० ला कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरवून पॅनिंग करा. केळीच्या बागेशेजारच्या रस्त्यावर केलंत तर मागे सगळे हिरवे पट्टे येतात आणि पळणं आपोआप दिसतं.