कुंपण लष्कराचं, नोटीस कुणाला?

प्रश्न : वकीलताई, आमचं शेत लष्कराच्या हद्दीला लागून आहे. दिवाळीनंतर तारेचं कुंपण पुढे सरकवलं आणि विहिरीकडची पट्टी आत गेली. वकिलांकडून नोटीस लिहून घेतली, पण गेटवरच्या जवानाने ती घेतलीच नाही. सरळ दावा लावू का? – एक शेतकरी, नाशिक जिल्हा

उत्तर : दादा, इतक्यात लावू नका. आणि त्या जवानावर राग धरू नका. तुमची नोटीस घेण्याचा अधिकार त्याला नाही, त्याच्या कमांडिंग ऑफिसरला दिली असती तरी तेवढ्याने भागलं नसतं. दिवाणी दाव्यात 'भारतीय सेना' हा प्रतिवादी नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ७९ प्रमाणे दावा लागतो तो भारत सरकारवर, म्हणजे 'युनियन ऑफ इंडिया'वर. त्याआधी कलम ८० ची नोटीस केंद्र सरकारच्या सचिवाला पोचावी लागते. तुमच्या बाबतीत ते सचिव, संरक्षण मंत्रालय, नवी दिल्ली. राज्य सरकारवरच्या दाव्यात जिल्हाधिकाऱ्याला दिलेली नोटीस चालते, म्हणून पुष्कळ जण इथेही तीच देतात. केंद्र सरकारसाठी ती चालत नाही.

नोटिशीत तुमचं नाव, पत्ता, गट नंबर, काय घडलं आणि तुम्हाला काय हवं, एवढं स्वच्छ लिहा. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा वादपत्रासोबत, म्हणजे दाव्याच्या लेखी अर्जासोबत, लावायला जपून ठेवा. नोटीस पोचल्यापासून दोन महिने थांबायचं. बिहारी चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली स्पष्ट केलं की हे दोन महिने संपण्याआधी लावलेला दावा टिकत नाही. दावा लावायच्या कायदेशीर मुदतीत हे दोन महिने धरले जात नाहीत, त्यामुळे नुकसान नाही. भाषेत किरकोळ चूक राहिली तर कलम ८०(३) तुम्हाला सांभाळून घेतं.

उद्याच विहीर बुजवणार असतील तर कलम ८०(२) खाली न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावता येतो. पण सरकारचं म्हणणं ऐकायची संधी दिल्याशिवाय मनाई हुकूम मिळणार नाही. आणि निकड न्यायालयाला पटली नाही तर वादपत्र परत येतं.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेजाऱ्याने ताबा घेतला असता तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली सहा महिन्यांत, मालकी सिद्ध न करता, ताबा परत मागता आला असता. सरकारविरुद्ध ही वाट कायद्यानेच बंद आहे. म्हणजे तुम्हाला मालकीवरच लढावं लागणार, आणि अशा दाव्यात नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नका, कारण तो मालकीचा अंतिम पुरावा नाही. खरेदीखत, जुने फेरफार, गट नकाशा आजच काढून ठेवा आणि भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज द्या.

नोटिशीची एक प्रत संरक्षण संपदा अधिकाऱ्यालाही पाठवा. कायद्याने ती बंधनकारक नाही, पण लष्करी जमिनींची नोंदवही त्यांच्याकडे असते. सोबतच्या पत्रात संयुक्त मोजणीची मागणी करा, आणि मोजणी होईपर्यंत विहिरीचं पाणी काढू द्यावं, हेही त्यातच लिहा. रब्बी उभी असेल तर पाण्याचा मुद्दा आधी मांडा.