मेनूतली नको असलेली आयकॉन्स: आधी एवढंच करा

लिनक्सवर मेनू नकोशा नावांनी भरलेला बघून वैताग येतो, पण हे काम अवघड नाही. मेनूतली प्रत्येक नोंद म्हणजे 'डॉट डेस्कटॉप' शेपटाची एक साधी टेक्स्ट फाइल असते, बस.

सगळ्यात आधी ठरवा: प्रोग्रामच नकोय की फक्त त्याचं आयकॉन? प्रोग्राम नको असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून काढा. मात्र 'यासोबत हेही काढलं जाईल' ही यादी नीट वाचा. त्यात डेस्कटॉपचंच (म्हणजे मेनू, पॅनेल दाखवणाऱ्या सिनॅमन, केडीई किंवा ग्नोमसारख्या सॉफ्टवेअरचं) नाव दिसलं, तर तिथेच थांबा.

फक्त आयकॉन लपवायचं असेल तर मेनू एडिटर उघडा. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये आणि केडीईत तो असतोच, ग्नोमवर 'मेनूलिब्रे' हा मेनू एडिटर टाकून घ्या. नोंद लपवा, झालं काम.

नवखे इथे हमखास चुकतात:
- सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी कमांड) वापरून सिस्टिमच्या फोल्डरातली फाइल उडवतात. पुढच्या अपडेटला ती परत हजर! मेनू एडिटर तुमच्या होम फोल्डरमध्ये त्याच नावाची प्रत ठेवतो आणि तीच चालते, म्हणून बदल टिकतो.
- ओळखीचं नाही म्हणून काहीही लपवतात. सेटिंग्ज आणि टर्मिनलला तरी हात लावू नका.

वाइनने (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) इन्स्टॉल केलेलं विंडोज सॉफ्टवेअर काढल्यावरही त्याची नोंद कधीकधी उरते. ती होममधल्या लपलेल्या 'लोकल' फोल्डरात, 'शेअर'मधल्या 'अ‍ॅप्लिकेशन्स'मध्ये सापडेल. कंट्रोल-एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. ही उरलेली नोंद मात्र बिनधास्त डिलीट करा.

फ्लॅटपॅक, स्नॅपच्या (प्रोग्राम इन्स्टॉल करायच्या वेगळ्या पद्धती) भानगडीत सध्या पडू नका. अडलात तर डिस्ट्रो (तुमच्या लिनक्सचा प्रकार, उदा. मिंट) आणि डेस्कटॉपचं नाव देऊन विचारा.