बिग पीट: दवाखान्याचा वास आणि गढूळ पेला

मेहुण्यांनी आणलेल्या बिग पीट या स्कॉच व्हिस्कीला दवाखान्यासारखा वास येतो, बर्फ घातल्यावर ती गढूळ झाली आणि लेबलवर 'ब्लेंडेड' लिहिलंय, म्हणून बाटली नकली आहे का, असं तुम्ही विचारलंय. या तिन्ही खुणांवरून तरी मला ती अस्सलच वाटते.

आधी 'ब्लेंडेड'चं निस्तरू. नेहमीच्या ब्लेंडेड स्कॉचमध्ये माल्टबरोबर (म्हणजे मोड आणलेल्या बार्लीच्या व्हिस्कीबरोबर) ग्रेन, म्हणजे गहू-मक्यासारख्या इतर धान्यांची व्हिस्की असते. तुमच्या बाटलीवर 'ब्लेंडेड माल्ट' आहे, म्हणजे त्यात ग्रेनचा थेंबही नाही, फक्त वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांचे सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली माल्ट व्हिस्की) एकत्र केलेत. पूर्वी याला व्हॅटेड माल्ट म्हणायचे. २००९च्या नियमांनी ते नाव मोडीत काढलं आणि गोंधळ उलट वाढला.

ग्लासगोच्या डग्लस लेंग या कंपनीने त्याच वर्षी बिग पीट काढली. आतला सगळा माल स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या डिस्टिलऱ्यांचाच. आर्डबेगचा डांबरी, काजळीसारखा धूर, कल ईलाचा तेलकट लिंबूपणा आणि या दोघांना जरा सांभाळून घेणारी बोमोर. पोर्ट एलनही आहे म्हणतात, पण ती भट्टी १९८३ साली बंद पडून थेट २०२४ला सुरू झाली. जुना माल इतका दुर्मीळ की आपल्या पेल्यात तो नावापुरताच येत असणार.

आता वास. आयलावर झाडं कमी, त्यामुळे पूर्वापार जळण म्हणजे पीट, दलदलीत शतकानुशतकं कुजून दबलेल्या वनस्पतींची माती. भिजवून मोड आणलेलं बार्ली त्याच्या धुरावर वाळवतात आणि धुरातले फिनॉल, क्रेसॉल दाण्याला चिकटतात. डेटॉलमधलं औषधही फिनॉलच्याच घराण्यातलं, तेव्हा तुमच्या नाकाची काही चूक नाही. मी पहिल्यांदा अशी व्हिस्की उघडली तेव्हा आतल्या खोलीतून आईने विचारलं होतं, "कोणाला लागलं रे?"

गढूळपणाचं कारण अगदी साधं. बऱ्याच कंपन्या बाटलीत भरण्याआधी व्हिस्की थंड करून गाळतात, त्यात तेलकट अंश निघून जातात. बिग पीट तशी गाळत नाहीत, म्हणून ती ४६ टक्के अल्कोहोलवर भरतात. त्या तीव्रतेला हे अंश विरघळलेले राहतात, पाणी-बर्फ पडला की वेगळे होऊन पेला दुधाळ दिसतो. जिभेवरचा जाडसरपणा त्यांचाच, तेव्हा ते राहू द्या.

बर्फ मात्र बंद करा. गारठ्यात गोडवा आणि वास दबतो, जिभेवर नुसती राख उरते. तोंडाशी निमुळत्या पेल्यात तीस मिली घ्या, दहा मिनिटं तसंच ठेवा, मग चमचाभर साधं पाणी. आधी विझलेल्या चुलीचा वास येईल, त्यामागून खारा वारा, आणि घोट गेल्यावर भाजलेल्या धान्याची गोडी. सोबत चकली-शेव नको, निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील घेऊन बघा. धुराला धूर काय मस्त लागतो!

तीन-चार बैठकांनंतरही नाही जमलं, तर मेहुण्यांना पुढच्या खेपेला त्याच कंपनीची स्कॅलीवॅग आणायला सांगा. ती स्कॉटलंडच्याच स्पेसाइड भागातली, शेरी वाइनच्या पिंपांमुळे मनुकांसारखी गोड. आणि ही उरलेली बाटली कुठे पाठवायची ते मला विचारा.